थांबली की बरी होते

जुन्या गाडीचे बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे सरळमार्गी. क्लचची वायर तुटली की तुटली. गाडी ओढत गॅरेजात न्या, कुणालाही दाखवा, वायर तुटलेलीच दिसणार. दुसऱ्या जातीचे बिघाड आतल्या गाठीचे. गाडी बंद पडते, आपण बॉनेट उघडतो, हात काळे करतो, काहीच सापडत नाही आणि थोड्या वेळाने सेल्फ मारला की ती अशी झोकात सुरू होते की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. पेट्रोलमधला कचरा हा या दुसऱ्या जातीचा शिरोमणी.

माझी गाडी १९५६ची. वयाने माझ्याहून वडील, त्यामुळे तिच्या तक्रारी मी मान खाली घालून ऐकतो. घरून निघताना तिचं काहीच म्हणणं नसतं. मग एखादा चढ येतो, अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला जातो आणि ती आचका देते. पाय उचलला की सावरते, दाबला की पुन्हा आचका. मागचे लोक हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवतात. दोन-चार ठसके, आणि इंजिन गप्प. बॉनेट उघडायचा अवकाश, भोवती माणसं जमतात आणि विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते हो?" त्या क्षणी शून्य देत असते.

गॅरेजवाल्या उस्तादांनी गाडीला हात न लावताच सांगितलं, "कचरा आलाय साहेब." सर्दी झालेल्या माणसाला नाक वाहतंय असं सांगण्यातला प्रकार. कचरा आलाय हे खरं, पण कुठून आलाय आणि सध्या मुक्काम कुठे आहे, हा खरा प्रश्न. त्यांनी कार्बोरेटर, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला आणि जेट काढले. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू, मधून पेट्रोल जायला आरपार भोक. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमधल्या मेन जेटवर १२० असा आकडा कोरलेला असला तर भोक १.२ मिलिमीटरचं, आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्या, जेटचं त्याहून कितीतरी बारीक. जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. गोल टिपका दिसला तर साफ, चंद्रकोर दिसली तर कचरा. मला चंद्रकोर दिसली. उस्तादांचा मदतनीस त्यात तार घालायला निघाला तेव्हा मी ओरडलोच. पितळ मऊ असतं; तारेने भोक वाढलं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार. हवा मारावी, तार घालू नये.

हवा मारली, गाडी जोडली, उस्ताद चौकापर्यंत चक्कर मारून आले. "एकदम ओके." चौकापर्यंत ती ओकेच असते. तिचं दुखणं चौकाच्या पुढे सुरू होतं आणि तिथे उस्ताद नसतात.

दरम्यान शेजारचे अण्णा पुढे सरसावले. "अरे, व्हेपर लॉक आहे! इंजिनच्या उष्णतेने पाइपातलं पेट्रोल उकळतंय. वाफ झाली की पंप काय ओढणार, कपाळ?" उपायही त्यांच्याकडे तयार होता: पेट्रोलच्या पाइपाला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. हा तोडगा मोटारींच्या जगात फार जुना आहे आणि चिमट्यांनी पाइप कसा गार होतो ते आजवर मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. अण्णांनी चिमटे आमच्याच दोरीवरचे घेतले. तेवढ्यात मेहुणा आला. "दाजी, पेट्रोलचं सोडा हो, स्पार्क देणारी कॉइल गेलीय. गरम झाली की स्पार्क सोडते, गार झाली की परत देते." आणि त्याने नवी कॉइल बसवूनही टाकली.

पंचाईत अशी की तिघांचंही खरं असू शकतं. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक छिद्र असतं, ते बुजलं तरी हेच होतं: आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. दुखणी निरनिराळी, लक्षण एकच, आणि सगळ्यांवर तात्पुरता उतारा म्हणजे रस्त्याच्या कडेला स्वस्थ उभं राहणं. त्यामुळे प्रत्येक वैद्याला गुण आल्याचा भास होतो.

निवाडा करायच्या काही खुणा मात्र आहेत. बटण बंद केल्यासारखं इंजिन झटक्यात मेलं तर संशय विजेवर. आचके देत, तडफडत मेलं तर पेट्रोलवर. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडावं. "फुस्स" झालं तर झाकण दोषी. आमचं झाकण निर्दोष निघालं. मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर कॉइलची वायर काढून ठेवली, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून एका काचेच्या बरणीत धरला आणि सेल्फ मारला. आधी पेट्रोल ठणठणीत आलं, मग धार बारीक झाली, मग नुसते थेंब. विजेचा यात संबंधच नव्हता आणि गार इंजिनात वाफ कुठली? पण मेहुण्याला हे सांगायची सोय नव्हती, कॉइलचे पैसे त्याने दिले होते.

बरणी रात्रभर न हलवता ठेवली. सकाळी वर पिवळसर पेट्रोल, तळाशी पाण्याचे टपोरे थेंब, बरणी कलती केली की घरंगळणारे. पाण्याची घनता १, पेट्रोलची ०.७५च्या आसपास, म्हणजे पाणी तळाशी जाणार आणि टाकीतला पाइपही नेमका तळाजवळूनच ओढणार. अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या गारव्यात बाहेरची दमट हवा आत घेते आणि त्या हवेतलं पाणी टाकीच्या भिंतींवर धरतं; म्हणून उभ्या गाडीची टाकी भरलेली बरी. थेंबांच्या भोवती तपकिरी भुकटी होती. लोहचुंबक काचेवरून बाहेरून फिरवला तर त्यातली बरीचशी त्याच्यामागे सरकू लागली. गंज. उरलेली मात्र जागची हलेना. करड्या रंगाची, पापुद्र्यांसारखी. तिने मला विचारात पाडलं.

टाकी उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टी या जुन्या गाडीवाल्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. त्यांची टाकी बऱ्याच मॉडेलांत पुढच्या सीटखाली आणि पंप नाहीच. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला तर टाकी इंजिनाच्या वर राहावी म्हणून ते लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे. लोक हसत असतील, पण टाकीखाली उताणं झोपून गंजलेल्या बोल्टांची मनधरणी करायची वेळ तर येत नव्हती.

टाकी उतरली. मेहुणा आत काय आहे ते बघायला खिशातून लायटर काढतोय हे मला वेळेवर दिसलं. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातकी असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण टपून बसलेलं असतं. लायटर जप्त झाला. टाकी पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, मग त्यात मूठभर नटबोल्ट आणि व्हिनेगर घालून आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ती हलवायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून अख्खी गल्ली खिडक्यांत आली.

"अहो," बायको म्हणाली, "आत काही तुटलंय का?"

"नाही, साफ करतोय."

"मग बाहेर कुणी काही फोडलंय असं तरी लोकांना सांगा. ते बरं दिसेल."

व्हिनेगर ओतून टाकलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं आणि लगेच हवा मारून टाकी सुकवली, कारण उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा लाल होतं. धुतलेल्या पाण्याबरोबर करड्या रंगाचे पापुद्रे बाहेर पडले, त्यातला एक नखाएवढा. पूर्वीच्या कुणा मालकाने गंज झाकायला टाकीला आतून लेप दिला होता. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल असे जुने लेप सोडवतं, जुने रबरी पाइप मऊ करतं आणि पाणीही शोषून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. हा नखाएवढा पापुद्रा पेट्रोलबरोबर ओढला जाऊन पाइपच्या तोंडावर झाकणासारखा बसत होता. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि तो सुटून तळाशी जायचा. आम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचो तेव्हा हा मागे टाकीत विश्रांती घेत असायचा.

नवे रबरी पाइप घातले, मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. गाडी चौकाच्या पुढे गेली, चढ चढली, परत आली.

उस्ताद म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कचरा." मेहुणा नव्या कॉइलवर प्रेमाने हात फिरवत होता. मी पापुद्रा बाटलीत घालून पुरावा म्हणून अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ न्याहाळला, बाटली परत केली आणि म्हणाले, "असेल, असेल. पण चिमटे काढू नकोस हं." बायको तेव्हापासून ओले कपडे खिडकीच्या गजांना बांधून वाळवते आहे.