आग रामेश्वरी, पाना सोमेश्वरी

सकाळी पार्किंगमध्ये मोटरसायकलखाली रुपयाच्या नाण्याएवढा ऑइलचा काळा डाग दिसला, तर पहिला उपाय म्हणजे गाडी दुसऱ्या दिवसापासून दोन फूट पलीकडे लावणे. डाग शेजाऱ्याच्या हद्दीत गेला की निम्मी गळती तिथेच थांबते. उरलेल्या निम्म्या गळतीखाली पुठ्ठा टाकावा. पुठ्ठा शक्यतो टीव्हीच्या खोक्याचा घ्या, म्हणजे गळतीला वाढायला जागा राहते.

आणि घाबरून जायचं कारण नाही. शंकराच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या भांड्यालाही आपल्याकडे गळतीच म्हणतात. तुमची मोटरसायकल सोसायटीच्या फरशीवर अहोरात्र अभिषेक करते आहे, एवढंच. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी तर यात प्रतिष्ठा शोधली होती. गाडी गळायची थांबली की आतलं ऑइल संपलं असं समजायचं, हा त्यांचा लाडका विनोद. त्यांच्याकडे कारण तरी होतं. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, उभे दोन भाग जोडून केलेलं, त्यामुळे सांधा थेट तळातून जायचा. 1969 साली होंडाची सीबी 750 आडवं दुभागलेलं क्रँककेस घेऊन आली आणि एका अख्ख्या पिढीचा विरंगुळा हिरावला गेला.

आता निदान. त्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागत नाही. गाडीशेजारी उकिडवे बसा. पाच मिनिटांत वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरचे काका, दूधवाला आणि कॉलेजला निघालेला एक मुलगा असं मंडळ भरतं. सगळे आळीपाळीने खाली वाकतात. सगळ्यांना इंजिनाच्या पोटाशी असलेल्या, जुनं ऑइल काढायच्या ड्रेनच्या बोल्टावर एक थेंब लोंबताना दिसतो. सगळे एकमुखाने म्हणतात, "ड्रेनचा बोल्ट!" सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एवढं एकमत तुम्ही कधी पाहिलं नसेल.

ड्रेनचा बोल्ट इंजिनाच्या तळाशी असतो, म्हणून ऑइल वर कुठूनही निघालं तरी थेंब होऊन शेवटी तिथेच लोंबणार, असला आडमुठा विचार मनात आणू नका. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या रबरी ओ-रिंगमधून, हेडच्या पॅकिंगमधून, गिअरच्या दांड्याच्या सीलमधून, कुठूनही निघालेलं ऑइल खाली ओघळतं आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे ओलसर भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची असते. गच्चीत पाणी मुरतं आणि ओल हॉलच्या भिंतीवर येते, हे ज्यांनी दोन पावसाळे बिल्डरशी भांडून शिकून घेतलं, तेच काका गाडीपाशी आले की बोल्टाकडे बोट दाखवतात.

बोट दाखवून झालं की पाना. बहुतेक गाड्यांचा हा बोल्ट 20 ते 30 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण बारा-तेरा किलोचा जोर. असल्या मोजमापाला मर्द माणूस हसतो. पान्यात नळकांडं घाला, त्यावर पाय ठेवा आणि सत्तर किलोनिशी उभे राहा. बोल्ट पोलादाचा, कवच अॅल्युमिनियमचं. कोण नमतं घेणार हे उघड आहे. एकदा 'कट्' असा मऊसा आवाज आला आणि पाना एकदम हलका फिरू लागला की समजा, आटे गेले. अभिनंदन. आतापर्यंत तुमची गळती अफवा होती, आता तिला पत्ता मिळाला. बोल्टाखालचं दहा-वीस रुपयांचं तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वायसर दर वेळी नवीन घालायचं असतं, पण त्याकडे लक्ष देऊ नका. ते चिरडून बसण्यासाठीच केलेलं असतं. तेच चौथ्यांदा चिरडून आपण काटकसर केली, असं समाधान फार थोड्या गोष्टींत मिळतं.

पुढची पायरी सिलिकॉनची ट्यूब. भिंतीला चुना लावतात तसं लावा. बाहेर शिवणीवर लावलंत तर फक्त विद्रूप दिसेल. खरी करामत कव्हर उघडून आतून भरपूर थापण्यात आहे. आवळताना जास्तीचं सिलिकॉन आत सरकतं, वाळून त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग वर हेडपर्यंत ऑइल पोचतच नाही. जे वर पोचत नाही ते वरून गळत नाही.

एवढ्यानेही मन भरलं नाही, तर नाना पेठ गाठा आणि पॅकिंगचा पूर्ण सेट आणा. एक पॅकिंग मागणाऱ्याकडे काउंटरवरचा माणूस ज्या नजरेने बघतो, ती टाळायची असेल तर सेटच मागावा. मेस्त्रीही खूश होतो, "इंजिन खोलतोच आहे तर" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं सुचू लागतात, आणि शनिवारी सोडलेली गाडी पुढच्या शनिवारी परत मिळते. माझी मिळाली. हेडचं पॅकिंग नवं, क्लचच्या बाजूचं नवं, मॅग्नेटच्या बाजूचं नवं. रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर नाणं होतंच. फक्त ऑइल नवं असल्यामुळे ते मधासारखं सोनेरी दिसत होतं.

गळतं म्हणजे आतलं कमी होणार, तेव्हा ओतत राहा. पातळी बघण्याची काच बऱ्याच गाड्यांना उजव्या बाजूला, क्लच कव्हरवर असते. मॅन्युअलवाले म्हणतात, गाडी सपाट जागी सरळ उभी धरा, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग बघा. एवढा वेळ कुणाला आहे? साइड स्टँडवर उभ्या गाडीत बघा. गाडी डावीकडे कललेली, ऑइल डावीकडे गेलेलं, उजवीकडची काच कोरडी ठणठणीत. की ओता पाव लिटर. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, पुन्हा कोरडी, पुन्हा ओता. इंजिनात ऑइल गरजेपेक्षा जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आतला दाब वाढतो आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात जातं. डबा भरला की त्याच्या तळाच्या नळीतून खाली उतरतं, इंजिनाच्या पोटावरून सरकतं, आणि रात्रभर ड्रेनच्या बोल्टाच्या डोक्यावर येऊन लोंबतं. तुम्ही ते बघता, हळहळता आणि पुन्हा ओतता. उसाच्या शेतालासुद्धा एवढं नेमाने ठिबक मिळत नाही. त्यातलं थोडं मागच्या टायरवर उडालं आणि ताम्हिणी घाटाच्या वळणावर गाडीने वेगळीच दिशा धरली, तर रस्ता निसरडा होता म्हणावं.

आता एक धोक्याची सूचना. गळती शोधायची एक पद्धत आहे. ती चुकूनही करू नका, कारण तिने गळती सापडते. इंजिन गार असताना डिझेल आणि जुना ब्रश घेऊन सगळं काळं कीटण धुवायचं. ते मळकं डिझेल गटारात न सोडता डब्यात धरायचं. इंजिन पुसून खडखडीत कोरडं करायचं. मग अंगाला लावायची साधी पावडर त्यावर भुरभुरवायची आणि गल्लीत हळूहळू दोन चकरा मारून यायचं. पांढऱ्या इंजिनावर जिथून पहिली काळी रेघ सुरू झाली, ती जागा. खर्च जवळपास शून्य, वेळ एक तास, आणि कुणाचा सल्ला नको. म्हणूनच ही पद्धत लोकप्रिय नाही.

मी केली. आईचा पावडरचा डबा न विचारता नेला होता, त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. इंजिन लग्नातल्या लहान मुलासारखं पांढरंफटक होऊन उभं होतं. टॅपेट कव्हर कोरडं, हेड कोरडं, ब्लॉक कोरडा. ज्याचे आटे मी पाय देऊन घालवले आणि नंतर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घेतले, तो बोल्टही कोरडा. रेघ सुरू होत होती फिल्टरच्या डब्याखालच्या नळीपासून. गाडी सरळ धरली आणि काचेत पाहिलं, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. साडेतीनशे मिली काढून टाकलं.

डाग थांबले. सेक्रेटरींनी विचारलं, गाडी विकलीत का?

परवा पलीकडच्या विंगमध्ये एक जण गाडीशेजारी उकिडवा बसलेला दिसला. खाली रुपयाएवढं काळं नाणं. वॉचमन आणि दूधवाला आधीच जमले होते. पावडरीचं सांगावं असं क्षणभर वाटलं, पण मंडळात नव्याने शिरताना पहिलंच वाक्य वेगळं बोलणं बरं दिसत नाही. मी वाकलो, थेंबाकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि म्हणालो, "ड्रेनचा बोल्ट."