हाडाची सोनोग्राफी कशाला केली? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "सात वर्षांचा रॉटवायलर कुत्रा पुढच्या पायानं लंगडतो म्हणून नेला. एक्स-रेत हाड खराब दिसलं, तरी वर १२०० रुपयांची सोनोग्राफी लावली. हाडाची कधी सोनोग्राफी होते का? आणि गाठीचं चार लोकांसमोर काउंटरवर सांगितलं," असं तुम्ही लिहिलंय.

आधी शेवटचं. ते चुकलंच. शेजारी एक ताई मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या, कार्डाचं मशीन अडलेलं, आणि त्या गडबडीत मी उभ्या उभ्या "गाठच वाटतेय" म्हणून बोलून गेलो. गडबड आमच्याकडे रोजचीच, ती सबब होत नाही. तुम्हाला आत बसवून, दार लावून सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

पैशांचं मात्र मान्य नाही. हाडाची सोनोग्राफी होत नाही, हे निम्मं खरं आहे. धडधाकट हाडावर ध्वनिलहरी आदळतात आणि माघारी फिरतात. स्क्रीनवर एक लख्ख पांढरी रेघ, खाली काळोख. पण हाडाचं वरचं कवच कुरतडलं गेलं असेल तर ती रेघ तुटते, आणि तुटल्या जागेतून आत डोकावता येतं. तुमच्यासमोरच मनगटाच्या वरचे केस काढले, जेल लावलं. आधी चांगला पाय दाखवला, रेघ सलग होती. मग दुखरा पाय. रेघ मध्येच खचलेली, कडा फाटक्या, बाहेर मऊ फुगवटा. "इथे भोक पडलंय का?" हे तुम्हीच विचारलं होतं.

मग एक्स-रे पुरला नसता का? नसता. हाड खाल्लं गेलंय एवढं एक्स-रे सांगतो, कशानं खाल्लं ते सांगत नाही. मोठ्या जातीचा कुत्रा आणि मनगटाजवळची जागा म्हटलं की पहिला संशय ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचा, येतो. कुत्र्यांच्या हाडातच सुरू होणाऱ्या गाठींत तोच सर्वांत जास्त सापडतो. पण हाडातला जंतुसंसर्गही कधीकधी एक्स-रेत थेट तसाच दिसतो. पाय काढायचा की संसर्गावर औषधं द्यायची, हे नुसत्या सावलीवर ठरवायला माझा हात धजत नाही.

त्यासाठी पेशी बघाव्या लागतात. एरवी पूर्ण भूल देऊन जाड सुईनं हाडाचा तुकडा काढतात, आणि आधीच पोखरलेलं हाड त्यानं मोडायची भीती असते. सोनोग्राफीत भोक सापडलं की साध्या इंजेक्शनची बारीक सुई तिथून आत घालता येते. टोक कुठे पोचलंय ते स्क्रीनवर दिसत राहतं, रक्तवाहिनी चुकवता येते. तुमचा पठ्ठ्या हलक्या गुंगीत तुमच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता, तेवढ्यात त्या पेशींच्या चार स्लाइड (काचपट्ट्या) झाल्या. ते १२०० रुपये याचे. बिलावर नुसतं 'यूएसजी', म्हणजे सोनोग्राफी, एवढंच छापलं गेलं, ते आता बदलून घेतलंय.

सोनोग्राफीनं कॅन्सर ठरत नाही, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. कधी सुईत नुसतं रक्त येतं आणि बायोप्सी, म्हणजे तो हाडाचा तुकडा काढणं, करावीच लागते. छातीचा एक्स-रे सुचवला तो अशा गाठी फुफ्फुसात जातात म्हणून. पहिल्या तपासणीत दहांतल्या एखाद्याच कुत्र्यात तिथे डाग दिसतो, पण दिसला तर उपचाराचा सगळा बेत बदलतो.

आधीच्या ठिकाणी तीन आठवडे मुरगळल्याच्या गोळ्या दिल्या, असंही तुम्ही चिडून लिहिलंय. त्यांना दोष देववत नाही. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत ठळक काही दिसत नाही.

रिपोर्ट आलाय. त्यातलं एक अक्षर इथे लिहिणार नाही. रात्री आठनंतर दवाखाना रिकामा असतो, घरातल्या ज्यांना आणायचं त्यांना घेऊन या. स्लाइड आणि एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे असतील तर तेही घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत. तोवर त्याला जिना चढू देऊ नका, गाडीतून उडी तर अजिबात नको, हाड त्या जागी मोडू शकतं. आणि कितीही कण्हला तरी घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. रात्री जास्तच त्रास झाला तर दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, मी उचलतो.