साठ हर्ट्झची बाई

पट्टा आणि पुली या विषयात आमच्या गावात अडाणी माणूस शोधून सापडायचा नाही. कापसाचा मुलूख. आर्वी-पुलगावकडच्या जिनिंगात निम्म्या गावाने कधी ना कधी काम केलेलं, उरलेल्यांच्या दारात थ्रेशर नाहीतर कडबा कुट्टी. चक्कीवाले काका तर नुसत्या आवाजावरून पट्टा कोणत्या वारी तुटेल ते सांगतात. अशा गावात मी रेकॉर्ड प्लेअर उघडून बसलो. सल्ला मागावाच लागला नाही.

प्लेअर अमेरिकेतला. मामाला गाण्याचा नाद म्हणून भाच्याने तिकडच्या जुन्या बाजारातून घेतला आणि बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. ११० व्होल्टचा, म्हणून ट्रान्सफॉर्मरही घेतला. लावणीची तबकडी चढवली. बाई गायला लागल्या आणि आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. पेटीच्या काळी चार पट्टीतल्या बाई खालच्या पांढरी चारमध्ये उतरल्या होत्या आणि लावणीला सुतकी कळा आली होती.

"पावर कमी पडून राह्यली, गुरुजी," काका म्हणाले.

गोम इथेच होती. पट्ट्याने थाळी फिरवणारी ही सिंक्रोनस मोटार. ती व्होल्टेजला फारशी भीक घालत नाही, फ्रिक्वेन्सीच्या इशाऱ्यावर फिरते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर २३०चे ११० करून देतो, ५०चे ६० नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची तबकडी २७.८ फेऱ्यांवर रेंगाळत होती. हे सगळं मी काकांना नीट, फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे पावर कमीच न जी?"

बरं, तक्रार तरी कुठे करायची? वीज आमच्या विदर्भातच होते, कोराडीला, चंद्रपूरला. भारनियमन आमच्याच वाट्याला येतं ते सोडा. रात्री शेतातले पंप सुरू झाले की घरातला पंखा मोजता येईल इतका सावकाश फिरतो. पण फ्रिक्वेन्सी? ती पन्नासला चिकटलेली. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, बाकीच्या देशाला जोडली गेली आणि अख्खा देश एका ठेक्यावर आला. सरकारी विजेत जी एक गोष्ट चोख आहे, नेमकी तीच माझ्या आड यावी!

त्यात यंत्र स्वतः निर्दोष असल्याचा दावा करत होतं. थाळीच्या कडेला वेग तपासायच्या रेषा असतात. विजेच्या हेलकाव्यांबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली त्या थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात काही कळेना, म्हणून अंधार करून वायरमनचा टेस्टर सॉकेटात खुपसला आणि त्याच्या इवल्याशा निऑनजवळ थाळी धरली. रेषा ढिम्म! कारण त्या २१६, अमेरिकन हिशेबाच्या. आपल्याकडे १८० लागतात. मोटारही पन्नासावर, टेस्टरही पन्नासावर. दोघांनी संगनमताने खोटी साक्ष दिली. शेवटी १८० रेषांची कागदी चकती छापून आणली, तेव्हा कुठे रेषा मागे मागे सरकताना दिसल्या.

उपाय पुस्तकी आहे: मोटारीची पुली वीस टक्क्यांनी मोठी करायची. काकांनी मधल्या काळात ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पट्टा कापून आणला आणि वर राळही लावली. पट्टा इतका दमदार की मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचली आणि बाईंच्या मागे चक्की सुरू झाली. चक्कीला ताकद लागते, ह्याला शांतपणा लागतो, हे काकांना पटणं शक्य नव्हतं. "घसरते का? नाही न?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पुलीला चिकटपट्टी गुंडाळायची शिंप्याची युक्ती बरी होती, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५वर जातो. डिंक सुटला, पट्टी सरकली, बाई लाडात आल्यासारख्या हेलकावू लागल्या.

मग आर्वीचा लेथवाला. मूळ पुली १० मिलिमीटर, पट्टा अर्ध्या मिलिमीटरचा. हिशेबात पट्ट्याची जाडीही धरावी लागते, म्हणून नवी पुली १२.१ हवी.

"सुतात सांगा, गुरुजी."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तोंडी हिशेब केला. "पावणेचार सुतापेक्षा किंचित जास्त."

"म्हंजे चार."

"चार नाही हो. किंचित जास्त."

"किंचितचं माप नसते जी. पंपाचा बुश असाच बसवतो आपण, पाणी येते न?"

चार सूत म्हणजे १२.७. वेग ३५च्या घरात गेला आणि सुतकातल्या बाई उठून थेट काळी चारच्याही वर पळत सुटल्या. भोकही जरा बाजूला पडलेलं, त्यामुळे सेकंदाला चार हिसके वेगळे.

तोडगा निघाला तो शेजारच्या डीजेवाल्या पोराकडून. त्याने मोबाइलवर ६० हर्ट्झचा सूर लावला, तो डीजेच्या अॅम्प्लिफायरमधून काढला, पुढे व्होल्टेज चढवायला बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला आणि मोटारीला जुनी पुली बसवली. उलट्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरला कोणी बोट लावायचं नाही, एवढा दम मी सगळ्यांना भरला. रेषा थांबल्या. बाई काळी चारमध्ये आल्या. चारपाच वॅटच्या मोटारीसाठी दोन माणसांनी उचलायचा अॅम्प्लिफायर दिवाणखान्यात बसला. त्याच्या पंख्यांचा आवाज गाण्यापेक्षा मोठा आहे, पण सुरात आहे.

अडचण एकच: अॅम्प्लिफायर भाड्याचा. लग्नसराईत तो वरातीत, गणपतीत मंडळात, दुर्गेच्या दिवसांत तिथेच मुक्कामाला. आषाढी ते पोळा एवढाच काय तो माझ्या संगीताचा हंगाम. एरवी कोणी "तुमची लावणी ऐकायची आहे" म्हणाला, की बायको आतून कालनिर्णय आणून देते.

पोराला माझी दया आली असावी.

"तुमी टेन्शन नका घेऊ, सर. तो डब्बाच गाडीवर ठेवू न. वरातीसोबत चालता चालता आयका."

मी अजून नाही म्हणालेलो नाही.