टर्नरचे ‘गुलामांचे जहाज’: एक खुलासा

इंग्रज चित्रकार टर्नरचे ‘गुलामांचे जहाज’ हे चित्र म्हणजे १७८१ साली ‘झाँग’ या गुलाम वाहून नेणाऱ्या ब्रिटिश जहाजावर त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या हत्याकांडाची नोंद होय, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्या वेळी टर्नर सहा वर्षांचा होता. ‘झाँग’वरून शंभराहून अधिक आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकण्यात आले आणि मालकांनी त्या ‘माला’पोटी विम्याची भरपाई मागितली, हे खरे; परंतु तेथे सबब पुढे केली गेली ती पाणीटंचाईची, तर चित्राच्या मूळ लांबलचक शीर्षकात येऊ घातलेल्या वादळाचा उल्लेख असून जहाजाचे नाव कोठेच नाही. त्या घटनेचा प्रभाव अनेक अभ्यासक मानतात, पण प्रभाव म्हणजे साक्ष नव्हे.

चित्र १८४० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. त्याच वर्षी त्या शहरात गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली होती. ‘हा तर नुसता सूर्यास्त’ म्हणणाऱ्यांनी उजवीकडचा खालचा कोपरा पाहावा: बेडी अडकलेला पाय, त्यावर तुटून पडलेले मासे आणि (लोखंड असूनही!) पाण्यावर दिसणाऱ्या साखळ्या. मात्र टर्नरला निष्कलंक ठरवण्याचीही घाई नको, कारण १८०५ मध्ये त्याने स्वतः जमैकातील, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यात पैसे गुंतवले होते.