मणक्यातला गॅप

मराठी माणसाच्या कमरेला मुख्यतः दोन विकार होतात, एक उसण आणि दुसरा गॅप. आणि उसणीचे रूपांतर गॅपमध्ये होण्यासाठी फक्त एमआरआय काढण्याची ऐपत लागते. मला हे दोन्ही एकाच आठवड्यात झाले. डाव्या पायात मोजा चढवण्यासाठी वाकलो असताना शिंक आली आणि त्या शिंकेनंतर मी सरळ झालोच नाही. आईने ताबडतोब खालच्या मजल्यावरचा, सहावीतला पायाळू मुलगा बोलावून घेतला. तो क्रिकेट अर्धवट टाकून आला, माझ्या कमरेला तीनदा पाय लावला आणि आपली बॅटिंग आहे असे सांगून निघून गेला. उसण राहिली आणि पांढऱ्या बनियनवर तांबड्या मातीचा पंजा उमटला.

एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून शिरेवर दाब देत असल्याचे दिसले. कळ कुल्ल्यातून निघून नडगीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत का जात होती, याचा उलगडा झाला. "म्हणजे गॅप आलाय," मी जाणकारपणे म्हणालो. डॉक्टरांनी चष्मा काढला. "गॅप आलेला नाही, होता तो कमी झालाय. सगळे उलटंच बोलतात." तेवढ्यासाठी त्यांनी औषधे, व्यायाम आणि डीकॉम्प्रेशनच्या, म्हणजे मशीनने कंबर ताणून घेण्याच्या, दहा बैठका लिहून दिल्या. दहांचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत होती, म्हणून मी ते भरून टाकले.

डीकॉम्प्रेशनचे टेबल मधोमध कापलेले असते. वरचा भाग स्थिर आणि खालचा चाकांवर सरकणारा. एक पट्टा बरगड्यांभोवती, दुसरा कमरेखाली, दोन्ही इतके आवळलेले की सकाळचे पोहे पुन्हा आठवतात; पाय गुडघ्यांत मोडून एका स्टुलावर ठेवलेले, आणि खालच्या पट्ट्यापासून निघालेली दोरी थेट मोटरला. "काका, वजन?" फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारले. काका या शब्दाने आधीच खचलेला मी "बहात्तर" म्हणालो. तिने नुसते कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवले, कारण ओढ किती द्यायची हे वजनावर ठरते. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. पहिल्या दिवशी पाव वजन, म्हणजे २१ किलो, आणि पुढे सोसेल तसे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. आयुष्यभर जमवलेली चरबी अशी माझ्याच विरुद्ध दोरी ओढू लागली.

तीस सेकंद ओढ, दहा सेकंद ढील, असे वीस मिनिटे. ओढ लागली की वरचा मी जागेवर राहतो आणि खालचा मी हळूहळू दुसऱ्या गावाला निघतो. हातात एक बटण दिलेले असते, सहन झाले नाही तर दाबायचे. मी ते फक्त एकदा दाबले, तेही नाकावर माशी बसली म्हणून. हिपोक्रेटस या ग्रीक वैद्याने सुमारे चोवीस शतकांपूर्वी रोग्याला फळीवर बांधून दोन्हीकडून ताणण्याची रीत लिहून ठेवली आहे. रोग्याला शिडीला उलटे बांधून उंचावरून आपटणाऱ्या वैद्यांना मात्र गर्दी जमवल्याबद्दल त्याने चांगलेच फटकारले होते. त्या मानाने माझ्यापुढे फक्त एक पडदा आणि पडद्यापलीकडे घोरणारे एक आजोबा होते.

उठल्यावर खरोखरच हलके वाटले. घरी आल्या आल्या, मुलाची उंची जिथे पेन्सिलने नोंदवली जाते त्या दाराच्या चौकटीला मी पाठ लावून उभा राहिलो. "अहो, टाचा टेकवा," पत्नी म्हणाली आणि डोक्यावर पट्टी ठेवून तिने रेघ मारली. अर्धा सेंटिमीटर वाढ! सकाळी उठल्यावर कोणाचीही उंची याहून जास्त असते, हे मी तिला सांगितले नाही. नंतर स्कूटरवरून दूध आणायला गेलो, वाटेत नऊ गतिरोधक लागले, आणि तो अर्धा सेंटिमीटर चौथ्या-पाचव्या गतिरोधकादरम्यान कुठेतरी सांडला.

चौथ्या बैठकीच्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि नको ते वाचले. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ सालीच कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, म्हणजे हीच ओढ, देऊ नका असा सल्ला दिलेला आहे. सहा बैठकांचे पैसे अजून शिल्लक होते. डॉक्टरांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत आपोआपच कमी होतं." मग मशीनचे काय, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी वेळेवर जाऊन पट्टे बांधून घेतले.

सातव्या आठवड्यात मोजा एका दमात चढला. श्रेय कोणाचे यावर घरात एकमत नाही. आईने तर त्या पायाळू मुलाला केव्हाच पेढे पोचवले होते. जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "काय, गेला का गॅप?" मी अभ्यासपूर्वक उत्तर दिले, "नाही, आला." त्यांनी हळहळून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या गावाकडे कंबर बसवून देणारा एक माणूस आहे, त्याचा पत्ता बिलाच्या पाठीवर लिहून दिला.