थेटर, थिएटर आणि खासबागेतला उतार

माझी भाची सध्या नाटकाच्या शिबिराला जाते. परवा घरी आल्या आल्या म्हणाली, "आजी, मी थिएटर करतेय." आई भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "कुठल्या थेटरात? कुठला पिच्चर लागलाय?" मग भाची चुलीपाशी पाट ओढून बसली आणि आजीला समजावून सांगू लागली. मी ऐकत होतो. मला दोघींचंही बरोबर वाटलं, आणि तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना.

आईचं का बरोबर, तर आमच्या कोल्हापूरच्या पेठेत थेटर म्हणजे सिनेमाचंच. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, जिथं १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली, त्या गावात दुसरा अर्थ आधी सुचणारच नाही. आणि तिसरंही एक थेटर आहे. दोन वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "पेशंटला थेटरात घेतलंय." त्या बाकावर तीन तास बसून मी हाच विचार करत होतो की या खोलीला थेटर का म्हणत असतील. नंतर वाचलं. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीत पादुआच्या विद्यापीठात शरीर उघडून शिकवायची एक जागा बांधली होती. मधे टेबल, आणि भोवती एकावर एक चढत गेलेले गोल कठडे. विद्यार्थी तिथं उभे राहून वरून खाली बघायचे. पुढे शस्त्रक्रियाही अशाच पायऱ्यांच्या खोल्यांत होऊ लागल्या. आता बघणारे कुणी आत नसतात, पण नाव राहिलं.

तिन्ही थेटरांचं मूळ एकच. ग्रीक भाषेत 'थिआत्रॉन', म्हणजे बघायची जागा. आणि मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की ग्रीक लोक थिआत्रॉन म्हणायचे ते मुळात नटांच्या जागेला नाही. मधल्या गोल अंगणात कोरस, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा, नाचायचा, त्या अंगणाचं नाव 'ऑर्केस्ट्रा'. मागे कपडे बदलायची राहुटी, ती 'स्केने', तिच्यावरून पुढे 'सीन' आला. आणि डोंगराच्या उतारावर लोक बसायचे, ते थिआत्रॉन. म्हणजे आज आपण सगळ्या इमारतीला जे नाव देतो, ते आधी फक्त तुमच्या-माझ्या बसायच्या जागेचं होतं!

हे वाचलं आणि मला थेट आमचं खासबाग मैदान आठवलं. आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांबरोबर कुस्त्या बघायला गेलो होतो. हलगी घुमत होती, खाली हौद्यात दोन पैलवान एकमेकांच्या अंगावर लाल माती टाकत होते. जोड भिडली आणि आमच्या पुढचा एकजण उठून उभा राहिला. मागून लगेच चार-पाच आवाज आले, "ओ पावणं, खाली बसा की! दिसंना झालंय!" तो बसला. वडील मला म्हणाले, "हितं कुणाला उभं ऱ्हायची गरजच न्हाई. महाराजांनी मैदानच तसं करून घेतलंय." खरंच होतं ते. बशीसारखा चहूबाजूंनी उतार, कुठंही बसा, हौद्यातली पकड दिसते. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि परत येऊन हे मैदान उभं केलं. त्याला पाठ लावून पॅलेस थिएटर बांधलं, ते १९१५ साली खुलं झालं. तेच आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह.

कुस्ती आणि नाटक एका आवारात कशी, असं बाहेरचे पाहुणे विचारतात. मला यात नवल वाटत नाही, कारण आपल्या भाषेनं ती कधी वेगळी केलीच नव्हती. संस्कृतात 'रंग' म्हणजे नाटकाचा मंच आणि 'रंग' म्हणजेच मल्लांचं मैदान. भागवतात कृष्ण-बलराम कंसाकडे कुस्तीला जातात, तेव्हा हत्ती आडवा उभा असतो तो 'रंगद्वारा'त. आपण ज्या रंगभूमीला वंदन करतो, तिच्या नावात मातीचा वास आहेच. मराठीत तर आणखी पुढे. पैलवान तालमीत घुमतो आणि नट नाटकाची तालीम करतो. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, आणि नदीकाठच्या गावांत उसाचाही फड. जिथं घाम गाळायचा आणि दहा माणसं जमवायची, तिथं आपण तेच शब्द वापरत आलो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी गेलो, तेव्हा पोलिसांनी दोरी लावली होती. दगडी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या आत वर आभाळ दिसत होतं. एक म्हातारे गृहस्थ दोरीला धरून उभे होते. कुणाशीही बोलत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि निघून गेले. मला त्या क्षणी घशाशी आलं, आजही लिहिताना येतंय.

आता पुनर्बांधणी सुरू आहे, आणि म्हणूनच हे सगळं लिहितोय. चर्चा ऐकतो ती खुर्च्या किती, एसी कसा, लाइट कुठले याची. ते हवंच. पण माझा आग्रह आधी बघणाऱ्यासाठी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात या जागेला 'प्रेक्षागृह' म्हटलंय, पुन्हा बघण्यावरूनच. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद मंडप पुरे, असं ते सांगतात. कारणही देतात: फार मोठा केला तर बोललेलं विरून जातं आणि चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही. इतकं स्वच्छ आपल्याला कुणी सांगून ठेवलंय! तेव्हा नवीन नाट्यगृहाची परीक्षा शेवटच्या रांगेत बसून व्हावी. माईक बंद करून एका नटाला मंचावर उभं करा, शेवटच्या रांगेत एखाद्या आजीला बसवा आणि तिला विचारा, दिसतंय का, ऐकू येतंय का. तिनं हो म्हटल्याशिवाय उद्घाटनाची तारीख ठरवू नये. आणि खासबागेशी असलेली त्याची पाठ कुठल्याही कारणानं तोडू नये. आपल्याकडे 'रंग' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच आवारात उभे आहेत, ते तसेच राहू द्यावेत.

भाचीच्या शिबिराचा शेवटचा प्रयोग येत्या रविवारी आहे, एका शाळेच्या हॉलमध्ये. तिथं उतार नाही, खुर्च्या सपाट फरशीवर मांडतात. आईनं सगळी चौकशी केली आहे. ती तासभर आधी जाऊन पुढच्या रांगेतली खुर्ची धरणार आहे.