मऊ आंबा म्हणजे कार्बाइडविरहित आंबा नव्हे

काल आईने बाजारातून डझनभर आंबे आणले आणि ‘मऊ आहेत, म्हणजे कार्बाइडचे नाहीत’ असे ठामपणे सांगितले. मावशीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तिची भिस्त होती. त्यात म्हटले होते की, नैसर्गिकरीत्या पिकणाऱ्या फळातले ‘सेल्युलेज’ हे विकर (एन्झाइम) चोथ्याची साखर करते, म्हणून फळ मऊ आणि गोड होते. कार्बाइडच्या फळात ते तयारच होत नाही. शिवाय हेच विकर पोटात जाऊन इतर अन्नातला चोथाही पचवते.

कार्बाइडचा मुद्दा घातक आहे, म्हणून तो आधी घेतो. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळ स्वतः सोडत असलेल्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूला जसा प्रतिसाद देते तसाच यालाही देते, त्यामुळे मऊपणा आणणारी विकरे त्या फळातही कामाला लागतात. धोका आहे तो कार्बाइडमध्ये मिसळलेल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अंशांचा. त्यापायीच भारतात फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला बंदी आहे, आणि हे अंश आंबा अंगठ्याने दाबून कळणे शक्य नाही. असा आंबा पुष्कळदा वरून पिवळा आणि कोयीपाशी आंबट, कडक निघतो, एवढे मान्य करावे लागेल. पण म्हणून मऊ निघालेला प्रत्येक आंबा निर्धोक ठरत नाही.

पिकत्या फळात सेल्युलेज असते, हेही खरे; ॲव्होकॅडोत तर ते भरपूर असते. परंतु पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन सैल होत जाणे, हे मऊपणाचे मोठे कारण आहे. ब्रमेल, हॉल आणि बेनेट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टोमॅटोतले ‘सेल२’ हे सेल्युलेज गटातले जनुक दडपले, तेव्हा फळ देठापासून तोडायला जास्त जोर लागला, मऊ मात्र ते नेहमीसारखेच झाले. आंब्याची गोडी येते ती कैरीत साठलेल्या स्टार्चची साखर झाल्याने. चोथा तर जागेवरच असतो: रायवळ आंबा कितीही पिकलेला असो, कोय चोखली की दोरे दातांत अडकतातच.

राहिला पोटाचा मुद्दा. विकर हे प्रथिन आहे, आणि इतर प्रथिनांसारखेच तेही बहुतांशी जठरात व लहान आतड्यात पचून जाते. फळे खाऊन मावशीचे पोट साफ होत असेल, तर त्यामागे न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचणारा चोथाच आहे.